वडिलांचा व्यवसाय काय लिहावा?

वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही वाचकांना विचारले होते की, ‘कोणतेही काम हलके नसते’ हे वाक्य आपण शाळेपासून म्हणत आलो असलो, तरी घरात, गावात आणि नोकरीच्या ठिकाणी ते कितपत पाळले जाते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांपैकी पाच येथे थोडक्यात देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातील आहे. वडील तीस वर्षांपासून केळी कापणीच्या टोळीत काम करतात. मी पदवीधर असून जळगावला एका बँकेत कारकून आहे. लग्नासाठी बायोडेटा छापताना मामांनी वडिलांच्या नावापुढे ‘शेती व केळी व्यापार’ असे लिहिले. मागच्या महिन्यात मुलीकडचे पाहुणे आले, त्या दिवशी वडील सकाळीच ‘मी वावरमा जास’ (मी शेतात जातो) एवढे बोलून घराबाहेर पडले आणि पाहुणे गेल्यावर संध्याकाळी परतले. त्यांना कोणी जायला सांगितले नव्हते. बायोडेटा बदलावा असे मला वाटते. घरचे म्हणतात की, मग स्थळेच येणार नाहीत. मी काय करावे?

उत्तर : बायोडेटा बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र त्यापूर्वी वडिलांशी बोला. त्यांना कोणी जायला सांगितले नव्हते, हे तुमच्या पत्रातील सर्वांत जड वाक्य मला वाटले. ज्या कागदावर आपल्याविषयी खोटे छापले आहे, तोच कागद वाचून आलेल्या माणसांसमोर बसायचे म्हणजे हात कोठे लपवायचे, हा प्रश्न त्यांना पडला असणार. केळीचा चीक कपड्याला लागला की धुतल्याने जात नाही आणि रोज काम करणाऱ्याच्या नखांच्या कडांतही तो काळा होऊन बसतो, हे केळीपट्ट्यातील प्रत्येक पाहुण्याला ठाऊक असते.

तुमच्या मामांनी जे काम झाकले, ते काय आहे हे एकदा नीट पाहिले पाहिजे. बागेत शिरल्यावर कोणता घड आज उतरवायचा आणि कोणता आणखी आठवडाभर झाडावर ठेवायचा, हे कापणारा फळाच्या कडा किती भरल्या आहेत यावरून ठरवतो, आणि माल जवळच्या बाजारात जाणार की दोन-तीन दिवसांचा प्रवास करून उत्तरेकडे जाणार, याचाही हिशेब त्याच्या डोक्यात असतो. वीस-पंचवीस किलोंचा घड खांद्यावर घेऊन ओल्या सरीतून बांधापर्यंत यायचे, वाटेत तो खोडाला घासू द्यायचा नाही आणि गाडीजवळ उतरवताना आपटू द्यायचा नाही; कारण हिरव्या सालीला बसलेला मार त्या वेळी दिसत नाही, फळ पिकल्यावरच तेथे काळा डाग उमटतो आणि तोवर माल शेकडो मैल दूर गेलेला असतो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्या सर्वांना रास्त अभिमान आहे. त्या मानांकनाचा माल तुमच्या वडिलांसारख्यांच्या खांद्यावरूनच बागेबाहेर पडतो. तीस वर्षे हे काम करणारा माणूस त्यातला जाणकार असतो, आणि ज्याची बाग आहे तोही कापणीच्या दिवशी त्याच्याच शब्दावर चालतो.

येथे स्वतःविषयी थोडे लिहितो. माझे वडील भुसावळला रेल्वेत गँगमन होते. वर्गात वडिलांचा व्यवसाय विचारला की मी ‘रेल्वेत’ एवढेच सांगत असे आणि पुढचा प्रश्न येण्याआधी खाली बसत असे. एका वर्षी शाळेचा फॉर्म वडिलांनी स्वतःच्या हाताने भरला, त्यात मोठ्या अक्षरांत ‘गँगमन’ लिहिले आणि खाली सही केली. तो फॉर्म मी वर्गात पालथा धरून नेला. ते मला त्याबद्दल कधीच बोलले नाहीत, पण त्यांना ते माहीत होते. पुढे रेल्वेने त्या पदाचे नाव ‘ट्रॅक मेंटेनर’ असे केले, आणि नव्या नावाने सांगणाऱ्याला थोडे बरे वाटत असेल. वैशाखात तापलेल्या रुळाशेजारी दिवसभर वाकून करायचे काम मात्र तेच राहिले. वडील आज नाहीत आणि तो फॉर्म सरळ धरण्याची संधी मला पुन्हा मिळणार नाही. तुम्हाला ती आहे.

व्यवहाराचे म्हणाल, तर काही स्थळे जातील, हे मी नाकारणार नाही. परंतु आपल्या भागात सोयरीक जुळण्याआधी चार गावांत चौकशी होतेच, तेव्हा खरे काय ते साखरपुड्याच्या आत कळणार आहे, आणि त्या वेळी वडिलांच्या कामापेक्षा तुमचे खोटे अधिक मोठे ठरेल. ‘केळी कापणी कामगार’ असे साधे लिहा. पुढचे पाहुणे येतील तेव्हा दारात त्यांना ‘या, बसा’ म्हणायला वडीलच उभे असावेत. त्या दिवसाचा त्यांचा रोज बुडेल, तो बुडू द्या.

प्रश्न : मी साक्री तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. ‘अभ्यास केला नाही तर ढोरं चारशील’ असे आम्ही शिक्षक सर्रास म्हणतो. माझ्या वर्गातील दोन मुलांची घरे मेंढपाळांची आहेत. त्या दिवशी त्यांपैकी एकाने मान खाली घातली. आम्ही असे बोलणे चुकीचे आहे का?

उत्तर : होय, चुकीचे आहे, आणि आपल्या ते लक्षात आले ही फार चांगली गोष्ट झाली. त्या मुलाच्या घरात रोज जे काम चालते, ज्यावर त्याची चूल पेटते, ते काम आपण वर्गात शिक्षा म्हणून उच्चारतो. मग पालक शाळेत यायला का बिचकतात, याचे आश्चर्य वाटून घेण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. अभ्यासाची गरज सांगायला दुसऱ्याच्या रोजीरोटीची भीती घालावी लागू नये. चारा कोठे आहे, पाणी किती दिवस पुरेल, दोनशे मेंढ्यांत आजारी कोणती, हे ज्याला कळते अशा एखाद्या आजोबांना परिसर अभ्यासाच्या तासाला वर्गात बोलवा आणि त्यांना खुर्ची द्या. तो मुलगा त्या दिवशी कोठे बसतो, ते मला कळवा.

प्रश्न : सर्व व्यवसायांना समान मान द्यावा, हे बोलायला ठीक आहे. मग शल्यचिकित्सक आणि झाडू मारणारा यांना पगारही सारखाच द्यायचा का? तसे नसेल तर ‘समान’ या शब्दाला अर्थ काय? (निवृत्त लेखापाल, धुळे)

उत्तर : पगार सारखा असावा, असे मी म्हणणार नाही. शिक्षणाची लांबी, जोखीम आणि जबाबदारी यांनुसार मोबदल्यात फरक राहणार. परंतु आपण जी दोन माणसे निवडली आहेत, ती एकाच छताखाली उभी करून पाहू. शल्यचिकित्सक ज्या खोलीत शस्त्रक्रिया करतो, तेथील फरशी पुसणारी, रक्ताचे कपडे उचलणारी आणि हत्यारे निर्जंतुक करण्यासाठी नेणारी माणसे आपल्या कामात चुकली, तर डॉक्टरांचा हात कितीही सफाईचा असला तरी रुग्णाचे टाके पिकतात. रुग्ण बरा होऊन घरी जाताना पेढे मात्र एकाच टेबलावर ठेवले जातात. मान सारखा असणे म्हणजे निदान एवढे, की ज्याच्यावाचून काम अडते, त्याला त्या कामातला माणूस म्हणून ओळखले जाते.

मोबदल्याबाबत माझा आग्रह खालच्या टोकाविषयी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ मध्ये समान कामाला समान वेतन आणि अनुच्छेद ४३ मध्ये निर्वाह वेतन ही राज्याने गाठायची उद्दिष्टे म्हणून लिहिलेली आहेत, आणि १९४८ च्या किमान वेतनाच्या कायद्याने शेतमजुरीचाही विचार केला होता. म्हणजे कोणत्याही कामाचा दाम जगण्यापेक्षा खाली जाऊ नये, हे तत्त्व आपण देश म्हणून कधीच स्वीकारले आहे.

आणखी एक गोष्ट, जी हिशेब ठेवणाऱ्या माणसाला पटावी. आज जो फरक दिसतो, तो कौशल्याच्या वजनावर ठरलेला आहे असे आपण गृहीत धरतो. कापूस वेचणीकडे पाहा. उघडलेल्या बोंडाची वाळलेली टोके बोटांत घुसतात, नखांच्या मुळाशी सोलते, आणि तशाही हाताने कापूस असा ओढायचा असतो की त्याला पाचोळा चिकटू नये, कारण जिनिंगवर, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, गाडी उभी राहिली की काडीकचरा पाहूनच भाव सांगतात. शेतकऱ्याचा भाव ज्या बोटांवर अवलंबून असतो, त्या बोटांचे दाम वेचलेल्या किलोंवर मोजले जाते, आणि त्याच वावरात ‘गड्याचे काम’ म्हटले की मजुरी वाढते. स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याचा कायदा १९७६ साली झाला. तरीही कामालाच बाईचे नाव देऊन दर खाली ठेवता येतो, आणि या युक्तीला कोणी लबाडी म्हणत नाही. नंदुरबारच्या मिरचीची देठे खुडणाऱ्या बायांच्या हातांची रात्री आग होते, त्या हातांनी तान्ह्या लेकराला जवळ घेता येत नाही. हे त्यांच्या मजुरीत कोणत्या खात्यावर मांडले आहे, ते आपणच पाहून सांगावे.

प्रश्न : मी खान्देशातील एका शहरात राहते आणि बी. कॉम. च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी आजी सफाई कामगार होती, आईही आहे. गेल्या वर्षी आईचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार झाला. प्रमुख पाहुणे म्हणाले, ‘तुमचे काम देवपूजेसारखे आहे.’ आईला हातमोजे मात्र महिनोन् महिने मिळत नाहीत. आता ती निवृत्त होणार असून वारसा हक्काने तिची जागा मी घ्यावी, असे नातेवाईक म्हणतात. मला नको आहे. त्यावर ऐकावे लागते की, ‘सगळी कामे सारखी, मग तुला लाज का वाटते?’ याला मी काय उत्तर देऊ?

उत्तर : तुम्ही असे विचारा की, सगळी कामे सारखी आहेत, तर ही जागा पिढ्यान् पिढ्या आमच्याच घरात का येते आणि पाहुण्यांच्या घरात का जात नाही. त्यात उद्धटपणा नाही. तुमच्या पत्राने मला या विषयाच्या मुळाशी नेले, म्हणून सविस्तर लिहितो.

कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते, तेव्हा त्यांनी संडास सफाईचे काम मागितले. ते सवर्ण असल्यामुळे तुरुंगाने ते नाकारले, कारण त्या कामासाठी विशिष्ट जातीचे कैदी ठरलेले होते. अप्पासाहेबांनी त्याविरुद्ध अन्नत्यागाचा मार्ग धरला आणि त्यांना पाठिंबा म्हणून डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपोषण केले. ज्याला हे काम करायचे होते त्याला ते मिळेना, आणि ज्यांना ते नको होते त्यांची त्यातून सुटका होईना, अशी ती रचना होती. ही जुनी हकीकत वाटेल. पण तुरुंगांत जातीवरून कामे वाटण्याचे नियम घटनाबाह्य आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी द्यावा लागला. मधे ब्याण्णव वर्षे गेली होती.

जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली मांडले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि होऊ न दिलेल्या भाषणात ते आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, त्याच्या आठवणी आपल्याकडे आजही आदराने सांगितल्या जातात. बाबासाहेबांचे ते वाक्यही खान्देशातल्या प्रत्येक शाळेत त्याच आदराने शिकवले जावे, असे मला वाटते, कारण त्यावाचून श्रमप्रतिष्ठेचा प्रत्येक धडा अर्धा राहतो. कामाला मान आहे असे म्हणायचे आणि ते करणारे हात जन्मावरून ठरवायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

‘देवपूजा’ या शब्दाने तुम्हाला वाईट वाटले, ते योग्यच होते. काम पवित्र ठरवले की मोबदल्याची, साधनांची आणि सुट्टीची मागणी करणारा माणूस कृतघ्न दिसू लागतो. हाताने मैला साफ करवून घेण्यास १९९३ च्या आणि नंतर अधिक व्यापक अशा २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी गटारात उतरलेली माणसे मरतात, आणि त्यांच्या वारसांना द्यायची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२३ मध्ये काढावा लागला. ज्या कामाला देवपूजा म्हणतात, त्यात माणूस गुदमरून मरत असेल, तर शालीआधी यंत्र आणि मुखवटा यांची सोय झाली पाहिजे.

आता तुमचा निर्णय. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगारांच्या वारसांना नोकरीचा जो आधार मिळाला, त्याची किंमत मी कमी लेखत नाही. कायम नोकरीने अनेक घरे सावकाराच्या दारातून बाहेर आली आहेत, आणि कदाचित तुमचे शिक्षणही आईच्या त्याच पगारावर झाले असेल. जी मुले विचार करून ही जागा घेतात, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु आधार म्हणून दिलेली गोष्ट बंधन होता कामा नये. तुम्ही नाही म्हणालात, तर आईच्या कामाचा अपमान होत नाही. आईला समोर बसवून विचारा की, तिने तुम्हाला वाणिज्य शाखेत का घातले. मला वाटते, तिचे उत्तर नातेवाइकांच्या कामी येईल.

आणि हातमोज्यांचे काम मात्र तुम्ही हाती घ्या. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून साधा अर्ज करा, आणि गेल्या तीन वर्षांत किती जोड हातमोजे खरेदी झाले, कोणत्या तारखेला किती वाटले, पोच म्हणून कोणाच्या सह्या आहेत, एवढेच विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आईच्या नावाने अर्ज करू नका, स्वतःच्या नावाने करा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला साठ्याच्या नोंदी कशा वाचायच्या, हे मी सांगायला नको.

प्रश्न : मी शिंदखेडा तालुक्यातील आहे. पती गेल्यापासून शेती मीच पाहते. आमच्याकडे सात वर्षांपासून एकच सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी) आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्याचे साल संपते. त्याच दिवशी आम्ही त्याला कपड्यांचा जोड देतो आणि पुढचे साल ठरवतो. यंदा त्याचा खरा मान राखावा असे वाटते; पण कसा? सासूबाईंनी त्याचा चहाचा कप आजही गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवला आहे.

उत्तर : ताई, कपड्यांचा जोड जरूर द्या, तो रिवाज चांगला आहे. त्याबरोबर एक वही घाला. सालाची रक्कम, दिलेली उचल (आगाऊ रक्कम) आणि तिच्या तारखा, महिन्यातल्या सुट्या, तो आजारी पडला तर किती दिवस पैसे कापायचे नाहीत आणि औषधाचा खर्च कोण करणार, हे सर्व त्यात लिहा व दोघांच्या सह्या घ्या. वहीच्या दोन प्रती करा, एक त्याच्या घरी राहू द्या, आणि त्याला वाचता येत नसेल तर त्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलाकडून ती मोठ्याने वाचून घ्या. सालदाराच्या मनातली सर्वांत मोठी भीती उचलीच्या हिशेबाची असते. मागची फिटली की नाही, हे मालकाच्या तोंडी शब्दावर अवलंबून असल्यामुळे कित्येक माणसे इच्छा नसताना पुढचे साल धरतात. साल पुढे धरायचे की सोडायचे, हे त्याला हिशेब फिटल्यावर मोकळेपणाने ठरवता आले पाहिजे. सात वर्षांनी तो जातो म्हणाला, तरी तुम्ही रागावू नका.

कपाचा प्रश्न मात्र आखाजीपर्यंत थांबवू नका. अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळण्यास अनुच्छेद १७ ने बंदी आहे, आणि तो कोनाडा त्याच बंदीत मोडतो. पण सासूबाईंना अनुच्छेद वाचून दाखवून फार उपयोग होणार नाही. आखाजीला सासूबाई कुंभाराकडची नवी घागर भरतात, वर डांगर (खरबूज) ठेवतात आणि गेलेल्या माणसांच्या नावाने तिला हात जोडतात. कुंभाराच्या हाताची घागर पितरांना चालते, तर सालदाराच्या हाताचा कप फळीवर का चालू नये, एवढे त्यांना एकदा शांतपणे विचारा. वाद वाढवू नका. मग बाजारातून एकसारखे सहा कप आणा, कोनाड्यातला जुना कप काढून टाका आणि सगळे नवे कप स्वयंपाकघरातल्या एकाच फळीवर ठेवा, म्हणजे कोणता कोणाचा, हे सासूबाईंनाही सांगता येणार नाही. दुपारचा चहा ओट्यावर त्याच्याबरोबर तुम्हीही घ्या. पहिले काही दिवस तो सवयीने आपला कप विसळून गोठ्यात नेऊन ठेवील. तेव्हा काही न बोलता तो परत आणून फळीवर ठेवा.